तांबड्या उजेडात पोरं निजवू नका

ऐका, मी चर्चचा झरोका बोलतोय. भिवंडीहून शेलारकडे जाताना लूमच्या पत्र्यांमागे एक जुनं चर्च दडलंय, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत मी बसलोय. विलायतेहून पेटाऱ्यात, गवतात गुंडाळून आलो. रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून मला बनवलं. मधोमध तांबड्या झग्यातला मेंढपाळ, काखेत कोकरू.

साहेब लोक माझ्याकडे बघून गायचे. गेले. बरं झालं, बेसूर गायचे. मग कबुतरं आली. घाण करायची, पण गात तरी नव्हती.

पुढे शेजारच्या भातखाचरात केसरीनाथ शेठनं कापड विणायचे लूम घातले. खडखड, खडखड. भिंत हादरते, मी हादरतो. दुपारी माझा तांबडा उजेड फरशीवर पडतो, तोही थरथरतो. एका बाईनं ते पाहिलं अन् ओरडली, "देवाला वारं आलं!" झालं! तेव्हापासून लोक आजारी पोरं आणून त्या उजेडात निजवतात. अंगात यायला मी काय भगत आहे? शिसं सुटतंय माझं! पोट आतल्या अंगाला फुगलंय.

चर्चच्या राखणदाराला, नवशाला, तेवढं कळलं. तो शेठकडे गेला.

"शेठ, काच सुटली हाय. फळ्या ठोकू."

"नवशा, तुझी मान पण हलते. तिला ठोकू काय फळी?" शेठ हसला. "लोकं देव मानतात, अन् तू त्याला कोंडतोस?"

देव हलतोय म्हटलं की लूमला कोण नावं ठेवणार? शेठला ते बरोबर कळतं.

आज दुपारी लाईट गेली. लूम थांबले, इथला छताचा पंखाही थांबला. तेवढीच मला विश्रांती. पण लाईट आली की सगळे लूम एकदम सुटतात, आणि तो पहिला धक्का लई वाईट. मागच्या खेपेला कोकराचं डोकं निखळून फरशीवर फुटलं.

आणि आजच दिघाशीची सोमी तापानं फणफणलेली पोर घेऊन आलीय. नेमकी माझ्याखाली निजवलीय.

"सोमे, उचल तिला," नवशा म्हणाला.

"बाबा, उजेड गप हाय अजून. वारं येऊ दे, मंग उचलते."

"वारं न्हाय गं बाय, लूम हाय तो!"

"तुमचा इस्वास न्हाय तर गप ऱ्हावा. दवाखान्यानं तरी काय केलं?"

त्यानं पोरीला हात घातला, तशी सोमी अंगावर धावली. मग नवशा कारखान्याकडे पळाला, लूम एकेक करून चालू करा म्हणून सांगायला. पळतो कसला, गुडघे धरून चालतो.

सोमे, मी देव नाही. काच आहे. कसली जड आहे ते मलाच ठाऊक. पोर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतेय. तांबडा उजेड तिच्या कपाळावर गप पडलाय. जन्मभर मी उजेडच दिला गं, शेवटी दुसरं काही द्यायला लावू नकोस. उचल तिला. पुन्हा दवाखान्यात ने. माझं नशीब मला भोगू दे.

छताचा पंखा जरासा हलला.

सोमीनं हात जोडले.