दाट चहा

नवरा गेला तेव्हा सूनबाई रडली नाही. नातलग रडून, जेवून आपापल्या घरी परतले आणि ती पुन्हा शिवणाच्या दुकानात जाऊ लागली. कोणी काही बोललं तर ऐकायची, हसायचं असेल तिथे हसायची. आत मात्र सगळं बधिर, दात काढल्यावर गाल होतो तसं.

त्यातच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर बस चालवलेला माणूस; अख्ख्या रस्त्याला तोंडाने सरळ करणारा. आता उजवा हात लुळा पडला आणि जीभही वळेना.

इस्पितळातून घरी सोडताना तिथल्या नर्सबाईंनी बजावलं, "पातळ काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. घशाऐवजी श्वासनलिकेत उतरतं. सगळं दाट करून पाजा. घरात कॉर्नफ्लोअर असतं ना?"

"असतं," सून म्हणाली.

कधी रस्सा पातळ झाला, कधी सूप आळलं नाही की चमचाभर लागायचं, म्हणून डबा असायचाच. आता तो ओट्यावरून हलेना. ती पीठ आधी गार पाण्यात कालवायची, मग उकळत्या सुपात धार सोडून ढवळत राहायची. पांढुरकं पाणी तकतकीत झालं की गॅस बंद. चहाही तसाच. थोडं थोडं वाटीत काढून भरवायची, कारण उष्टा चमचा भांड्यात गेला तर लाळेने सगळं पुन्हा पातळ होतं, हे बाईंनी सांगितलं होतं. सासरे तोंड वाकडं करायचे, पण गिळायचे.

एके दिवशी त्यांची धाकटी बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्या, राहायला आली. तिने वाटीत डोकावून पाहिलं.

"अगं, ही कपड्यांना घालायची खळ पाजतेस होय दादाला?"

"पातळ चालत नाही, आत्या."

आत्याने मान डोलावली. पण सून कपडे वाळत घालायला गेली तेव्हा भावाने पाण्याच्या तांब्याकडे बघितलं आणि आत्याचा जीव कळवळला. तिने पेला त्याच्या ओठांना लावला.

ठसका ऐकून सून धावत आली. सासऱ्यांचे ओठ निळे पडले होते. तिने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थोपटत राहिली. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं. छातीत पाणी उतरून संसर्ग झाला होता. आत्या बाकावर बसून हमसून रडत होती.

"माझ्या हाताने घात झाला गं."

"तहान लागली होती त्यांना," सून म्हणाली. तिला राग आला नव्हता. भीतीही वाटली नव्हती. आपल्याला काहीच कसं होत नाही, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

सासरे वाचले. घरी आल्यावर एका संध्याकाळी ती नेहमीसारखं सूप भरवत होती. दोन घास गिळून त्यांनी डाव्या हाताने चमचा अडवला. जीभ जड होती, पण शब्द कळले.

"मीठ नाही."

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं धड वाक्य. तिने स्वयंपाकघरात जाऊन भांड्यातलं सूप चाखलं. मीठ आहे की नाही, तिला काही समजेना. हेच सूप ती रोज रात्री जेवत होती.

"आजच नाही का, बाबा?"

"पहिल्यापासून."

"सांगायचं तरी."

त्यांनी आपल्या तोंडाकडे बोट केलं. चेहऱ्याची एक बाजू हसली.

तिने चिमूटभर मीठ घातलं आणि वाटीतून त्यांना दिलं. त्यांनी मान हलवली. आणखी चिमूटभर. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "आता बरं."

तेव्हापासून स्वयंपाक झाला की पहिला चमचा त्यांचा. ते सांगतील तेवढं मीठ पडायचं. आत्याने मुक्काम वाढवला आणि गुठळी न होता दाट चहा करायला शिकली. हिवाळा सरता सरता सासरे साधं पाणी गिळू लागले, आणि दुकानातून यायला उशीर झाल्यावर सुनेला बोलूही लागले.

मीठ पडलं त्या पहिल्या संध्याकाळी मात्र तिने आपलीही वाटी भरून घेतली आणि पहिल्यांदाच त्यांच्या खाटेशी बसून खाल्लं. चव लागली का, हे तिला सांगता आलं नसतं. सासऱ्यांनी वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून घे."

तिने घेतलं.