रुखवतातली ऱ्हाईन

लग्नाच्या टेबलावर एकही फूल नको, असं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी चिडलेच. माझ्या एकुलत्या एका भाचीचं लग्न, तेही मे महिन्यात, आणि फुलं नकोत? कारण होती नवऱ्यामुलाची, लुकासची आजी. घरात सगळे तिला ओमा म्हणतात, म्हणजे जर्मनमध्ये आजी. या ओमाला दमा. फुलांच्या वासाने तिचा श्वास कोंडतो, म्हणून घरातल्या कुठल्याच लग्नात ती जेवायला थांबत नाही. नोंदणी झाली की तिला घरी सोडून येतात. पण माझ्या भाचीने, उर्जाने, हट्ट धरला होता, ओमा माझ्या टेबलावर बसलीच पाहिजे.

"मग टेबलावर मांडणार काय, मिठाच्या बाटल्या?" मी विचारलं.

"रुखवत मांडेन की," साधनावहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, ऑफिसात राबणारी बाई, कुठून तरी तयार आणून ठेवेल. जर्मनीत बॉनला पोचले आणि बघते तर काय. वहिनींनी लांबलचक टेबलाच्या मधोमध अख्खी ऱ्हाईन नदी सोडली होती. निळ्या रंगवलेल्या तांदळांचं पाणी, मुगाच्या टेकड्या, मसुराच्या डाळीची कौलं ल्यालेली पुठ्ठ्याची घरं. काठावर खारकांचे वऱ्हाडी, कुणाला फेटा, कुणाला जर्मन टोपी. आणि करवंटीच्या होडीत सुपारीचे नवरा-नवरी, मोत्यांच्या मुंडावळ्या बांधून. नवरीच्या नाकात मोहरीएवढी नथसुद्धा होती. मी सहजी कुणाचं कौतुक करत नाही, भावजयीचं तर नाहीच नाही, पण त्या नथीपुढे मी हात जोडले.

लग्नाच्या दिवशी सगळे श्टांडेसआम्टला, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीत, नोंदणीसाठी गेले. मी आणि एश्बॉर्नहून आलेल्या उर्जाच्या दोन मावश्या टेबलाची राखण करत रेस्टॉरंटमध्ये थांबलो. पुण्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले मोगऱ्याचे गजरे मी बाहेर काढले आणि तिघींनी माळले. फुलं टेबलावर नको होती. गजरा म्हणजे आमच्या लेखी केसांचाच भाग, तो कुणी फुलांत धरत नाही.

ओमा दारातून आत आली, टेबलाकडे बघून हसली, आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. लुकासने तिची व्हीलचेअर वळवून बाहेर नेली. उर्जाचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी एक नजर टेबलावरून फिरवली, मग आमच्या डोक्यांकडे पाहिलं.

"अहिल्याताई, गजरे," एवढंच त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिन्ही गजरे पिशवीत कोंबून मी रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकले. वहिनींनी सगळ्या खिडक्या उघडल्या. पण माझ्या केसांना वास होताच. मी सरळ बाथरूममध्ये शिरले, अंबाडा सोडला आणि पैठणी सावरत बेसिनच्या नळाखाली डोकं धरलं. हात धुवायचा साबण केसांना चोळला. एक जर्मन बाई ओठ रंगवता रंगवता तशीच थांबून बघत राहिली. बघू दे.

मी बाहेर आले तेव्हा ओमा टेबलाशी होती. औषधाचा पंप घेऊन बाहेरच्या हवेत बसल्यावर तिचा खोकला थांबला होता. लुकासने घरी सोडतो म्हटलं, तर तिने साफ नकार दिला होता. आता ती होडीवर वाकून सुपारीच्या नवरीची नथ न्याहाळत होती आणि वहिनींना काहीतरी विचारत होती. वहिनी जर्मनमध्ये समजावून सांगत होत्या. दोघी अशा रंगल्या होत्या की सूप आलेलंही त्यांना कळलं नाही. किती सुंदर दिसत होत्या माझ्या वहिनी.

मी आपली टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळची खुर्ची धरली. पदरावर केसांतलं पाणी ठिबकत होतं.

ओमाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग ओल्या केसांकडे, आणि उर्जाला काहीतरी म्हणाली.

उर्जा माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलते. आता शब्द जुळवत म्हणाली, "आत्या, ओमा सांगते, इतक्या लांब नाही. तू तिच्या बाजूला बस."