पिवळ्या पाण्याचा न्याय

मोहटोल्यातलं झाडून सगळं गाव त्या सकाळी वावरांच्या बांधांवर उभं होतं. आंबागडाच्या पायथ्याजवळचं हे लहानसं गाव. इथला दोडका आणि कारली थेट तुमसरच्या बाजारात जातात. पण यंदा दिवाळीच्या आधीच वेलींवर पांढरी भुकटी चढली. पानं मळकट झाली, मग पिवळी पडली, मग वाळली. मांडवांवर नुसत्या दोऱ्या लोंबकळत राहिल्या.

आणि त्यावर इलाज घेऊन पिवळे महाराज अवतरले होते. पिवळा फेटा, पिवळी कफनी, हातात तांब्याचा लोटा आणि लोट्यात पिवळं पाणी.

"सुनो भक्तहो! ही भुकटी साधी नाही, ही मसणातली राख हाय राख! कोनीतरी ही करणी केली. अब माता का पानी बोलेगा! जिथं पाप नाही तिथं पानी पिवळं. जिथं पाप, तिथं रगत!"

महाराजांनी कडुनिंबाचा डहाळा लोट्यात बुडवून भैय्यालालच्या वेलीवर झटकला. थेंब पिवळे ते पिवळेच. श्यामराव पोलीस पाटलांच्या मांडवावर झटकला, तिथंही पिवळे. गर्दी महाराजांच्या मागे सरकत रत्नाबाईच्या वावरापाशी आली. गावात हिरवा मांडव तेवढा एकच उरला होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तोच खुपत होता.

डहाळा झटकला गेला. थेंब पानांवर पडले आणि बघता बघता लालसर झाले.

"रगत! रगत!" बायका किंचाळल्या. पुढचे मागे सरले, मागचे पुढे घुसले. रत्नाबाईच्या शेजारी उभी असलेली जनाबाई चटकन दोन हात लांब झाली. रोज हिच्याच घरचं ताक नेणारी ही जनाबाई.

शाळेतली बाकं रिकामी दिसली म्हणून पोरांना शोधत रिता मॅडम तिथे पोचल्या त्या नेमक्या या घटकेला. रिता गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तुमसरहून रोज स्कूटीवर यायची. तिने लाल पान पाहिलं, लोटा पाहिला, आणि तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. हा प्रयोग ती दरवर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवत असे.

पण सांगायचं कुणाला? भैय्यालाल रत्नाबाईसमोर उभा राहून ओरडत होता. त्याचा सगळा मांडव बसला होता, आणि रागाला कुठेतरी जागा हवी होती.

"चेटकीण हाय तू! आमचं वावर जाळलं न् सोताचं हिरवं ठेवलं! सूर्य बुडायच्या आत गाव सोड, नाईतं घर पेटवून देऊ!"

"म्या काय केलं जी?" रत्नाबाईचा आवाज फुटत नव्हता. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हे वावर आणि हे गाव, एवढंच तिचं जग. "म्या तं फक्त काढा फवारला..."

"ऐका! काढा म्हनते! कबुली देऊन राहिली!" महाराजांनी डहाळा उंचावला.

रिताला एका जागी उभं राहवेना. पायातली चप्पल बांधावर घासत ती विचार करत होती. याच महाराजांनी पंधरवड्यापूर्वी वावरा-वावराला लिंबू बांधलं होतं. लिंबं वाळली, रोग मात्र वाढला. लोक विचारायला लागले, आणि आज ही राख निघाली. मंत्र कधी चुकत नाही. मंत्र चुकला की गावात चेटकीण सापडते. आत्ता 'हे खोटं आहे' म्हटलं, तर म्हणतील, मॅडम शिकलेल्या, त्यांना काय कळतं. आणि गर्दीचं डोकं असं फिरलेलं, की संध्याकाळची वाटही कुणी बघणार नाही.

तेवढ्यात तिची नजर श्यामरावांवर गेली. एवढ्या गोंधळातही पाटील तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळत होते. रिता घाईने पुढे झाली.

"महाराज, तुमचं पाणी पाप ओळखतं ना? मग चेटकीण एकटीच कशावरून? सगळ्या गावाची परीक्षा घ्या. हातावर शिंपडा."

"माता का पानी मानसाच्या हातावर नाई पडत!" महाराज लोटा छातीशी धरून मागे सरले.

"काहून नाई?" श्यामरावांना हे लागलं. पाटील म्हणून त्यांचा मान होता. "माह्या हाताले काय भेव? टाका जी पानी!" आणि महाराजांनी होय-नाही म्हणायच्या आत त्यांनी लोटा कलता करून अंगठ्यावर पाणी घेतलं.

अंगठा लालभडक.

मागून एकजण फिसकन हसला. "पाटीलच चेटूक करते बाप्पा!"

"अबे चूप!" श्यामराव अंगठा धोतराला पुसत होते, धोतरही लाल होत होतं. भैय्यालालने रागारागात आपली तर्जनी लोट्याखाली धरली. लाल. त्याच्या चुलतभावाने धरली. लाल. तंबाखू खाणाऱ्या गावात पापी नसलेला हात सापडणं कठीण होतं. जनाबाईने लोट्यात नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"अवो, हे तं हळदीचं पानी होय! भाजीत टाकतो तेच!"

महाराज इतक्या सहजी थोडेच हरणार? "देखा? तिची सावली पडली तुमच्यावर! आता सगळं गाव बाधलं!"

गर्दी पुन्हा थबकली. रिताला वाटलं, हातातून जातंय सगळं. तिने स्वतःला सावरलं आणि मुद्दाम हळू विचारलं, "महाराज, भैय्यालालभाऊंच्या वेलीवरची पांढरी भुकटी म्हणजे काय म्हणालात?"

"मसणातली राख!"

"राखच? नक्की?"

"मातेची आण!"

"रत्नाबाई, तुमच्या पानांवर काय आहे?"

"चुलीची राख, मॅडम. किडे बसू नाई म्हनून सकाळी भुरभुरते. माही मायबी टाकत होती."

रिताने लोटा मागितला. महाराज देईनात, तेव्हा श्यामरावांनी तो काढून घेतला; लाल अंगठ्याचा राग अजून गेला नव्हता. जनाबाईला धाडून तिच्या स्वतःच्या चुलीतली मूठभर राख आणवली. रिताने ती दगडावर टाकून वर पिवळं पाणी ओतलं. राख लाल झाली. मग भैय्यालालच्या वेलीचं पांढरंफटक पान तोडून आणलं आणि लोटा त्याच्याच हातात दिला.

"तुम्हीच ओता, भाऊ."

भैय्यालालने ओतलं. पान पिवळंच राहिलं. त्याने परत ओतलं. पिवळं. तो दगडाकडे बघत राहिला, मग पानाकडे. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"राख असती तं लाल झाली असती," तो सावकाश म्हणाला. "मंग माह्या वेलीवर राख नाईच. कोनी फेकलीच नाई."

"कुणीच नाही," रिता म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल होते, राखेनेही होते. यात देव नाही, पाप नाही. आणि ही पांढरी भुकटी म्हणजे भुरी. बुरशी आहे ती. हवेतून येते, एका पानावरून दुसऱ्यावर जाते. रत्नाबाई उन्हाळ्यातल्या शेतीच्या शिबिरात लसूण-कडुनिंबाचा काढा करायला शिकल्या. तुम्ही सगळेच गेला होतात, करून पाहिला त्यांनी एकटीने. लसणाला ज्या द्रव्यांमुळे उग्र वास येतो ना, त्यांनी बुरशी वाढत नाही. कडुनिंबातही तसलं असतं. रोग यायच्या आधीपासून फवारलं म्हणून त्यांचा मांडव टिकला."

महाराज गर्दीच्या कडेने मोटारसायकलकडे सरकत होते. श्यामरावांनी त्यांची कफनी धरली. "बसा जी. बाईले चेटकीण म्हनल्यावर कायदा लागते. ठाण्यात फोन करून राहिलो."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण गर्दी ती गर्दी. जनाबाई पुढे आली आणि तिने धाडकन रत्नाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, तुह्या हातात देव हाय! तुहा काढा आमाले दे!" तिच्या मागे आणखी दोघी वाकल्या. कुणीतरी बांधावर ठेवलेल्या काढ्याच्या मडक्याला हात जोडले.

रिताच्या मनात चटकन आलं, असू दे. देवी म्हणाले तर निदान हिचं घर तरी कुणी पेटवणार नाही. त्या विचाराची तिला लगेच लाज वाटली.

रत्नाबाईने पाय ओढून घेतले. आता तिचा आवाज फुटला होता.

"उठ जना! सकाळी चेटकीण, आता देवी. अवो, तुमी मले मानूस कवा म्हनान?"

जनाबाई उठली. पदराआड तोंड घेऊन ती रडायला लागली, पण रत्नाबाईने तिला जवळ घेतलं नाही. तेवढी ती मोठ्या मनाची नव्हती, आणि का असावी?

भैय्यालाल कितीतरी वेळ घुटमळत होता. अखेर पुढे आला. "माह्या वेली वाचतीन का, रत्नाबाई?"

"मेल्या त्या मेल्या. खोटी आस नाई लावत. नवे फुटवे येतीन ते राखता येतीन. पन आधी सकाळचा शब्द परत घे. सगळ्यायसमोर."

भैय्यालालने मान खाली घातली. "घेतला. चुकलं माहं."

"मोठ्यानं म्हन."

"चुकलं माहं, रत्नाबाई! तू चेटकीण नोहे!"

मग तिने सांगितलं: लसूण आणि कडुनिंबाचा पाला वाटायचा, रात्रभर भिजवायचा, गाळून पाणी घालायचं, ऊन उतरल्यावर फवारायचं. बायका कान देऊन ऐकत होत्या. सांगून झाल्यावर ती थांबली, रिताकडे पाहिलं, आणि पुन्हा भैय्यालालकडे वळली.

"आन् दोन ओळी बिनफवारलेल्या सोड. त्या दोन ओळी न् बाकीच्या, दोनी रोज पाह्य. फरक दिसन तं मान, नाई दिसन तं सोडून दे. महाराज सांगते म्हनून नोको, मॅडम सांगते म्हनून नोको, मी सांगते म्हनूनबी इस्वास ठेवू नोको."