मंजुरीचा रकाना

गेल्या अप्रेझलमध्ये वैजनाथ सरांनी दीक्षाच्या नावापुढे एकच ओळ लिहिली होती, ‘टेस्टिंगमुळे उशीर होतो.’ त्या ओळीने तिचं प्रमोशन गेलं. खरं तर तिने तपासून दिलेलं काम सरांच्या मंजुरीसाठी आठ-आठ दिवस पडून राहायचं, हे हडपसरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. पण साहेबाला तोंडावर सांगणार कोण? दीक्षा गप्प बसली. विसरली मात्र नाही.

डायरेक्टर नम्रता मॅडमनी कानबान, म्हणजे कामं फळ्यावर मांडून हलवायची पद्धत, सुरू करायला सांगितलं, तेव्हा फळा मांडायचं काम तिने मागून घेतलं. फळ्यावर रकाने, प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, चिठ्ठी ज्या दिवशी सरकेल ती तारीख तिच्यावर. एका रकान्यात तीनच चिठ्ठ्या. तो भरला की मागच्यांनी त्यात नवं काम सरकवायचं नाही.

“शिस्त हवीच!” म्हणत सरांनी मॅडमसमोर नियमाखाली झोकात सही ठोकली. फळ्यावरचा एक रकाना ‘मंजुरी : वैजनाथ’ होता, तो त्यांनी वाचलासुद्धा नसेल. नियम खालच्यांसाठी असतात, अशीच त्यांची समजूत.

पहिल्याच आठवड्यात तो रकाना भरला. मग दीक्षाचा भरला, मग प्रोग्रामरांचा; नवं काम घ्यायला कुणाकडेच जागा उरली नाही. पूर्वी ती सरांना रोज आठवणीचा मेल टाकायची. या वेळी एकही टाकला नाही. तिसऱ्या सोमवारी अख्खी टीम चहा पीत बसली होती, आणि दीक्षाच्या जिवाला कित्येक महिन्यांनी गार वाटत होतं.

मॅडम येतायत म्हटल्यावर सर धावत आले. “दीक्षा, माझ्या रकान्यातल्या दोन चिठ्ठ्या तुझ्यात घे गं. तात्पुरत्या.”

“माझ्यात तीन आहेत, सर. खाली आपलीच सही आहे.”

“इतकं काय धरून बसतेस? या वेळी तुझं प्रमोशन मी बघतो ना!”

प्रमोशन तिला हवंच होतं. पण यांच्या उपकाराचं नको होतं. ती जागची हलली नाही.

मॅडमनी आल्या आल्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा वाचल्या. “टेस्टिंगला एक दिवस, मंजुरीला नऊ? उशीर कुणामुळे होतोय, वैजनाथ?”

“माझ्यामुळे,” सर कसंबसं म्हणाले.

“सर, तेवढं मेलवर टाका ना,” दीक्षा अगदी अदबीने म्हणाली. “सगळ्यांना. सावकाश लिहा, आम्ही थांबतो. आम्हाला सध्या दुसरं कामच नाही.”