अर्ध्या किलोचं खोटं

मी काटा बोलतोय. खरं तर मला बोलायला तोंड उरलेलं नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

घोटावड्याच्या पुढे एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मी सात वर्षं टांगलेला होतो. गोल तबकडी, एक सुई आणि खाली हुकाला कापडी झोळी. झोळीत तान्हं मूल बसवलं की पृथ्वी त्याला खाली ओढायची, माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जायची आणि सुई फिरायची. ओढ पृथ्वीची, मी नुसता चुगलीखोर.

सेविका साधनाताई आधी रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आणायच्या, मगच मूल बसवायच्या.

एकदा शेजारच्या शाळेतले निरंजन सर मला गुरुत्वाकर्षण शिकवायला घेऊन गेले. त्यांनी दहा किलो तांदळाची पिशवी टांगली. "चंद्राला पृथ्वीभोवती फिरवत ठेवते, तीच ओढ ही पिशवी खाली खेचतेय. चंद्रावर हा काटा दीड किलोच्या जरा पुढे थांबेल. तांदूळ तेवढाच, एक दाणा कमी नाही. ओढ मात्र सहावा हिस्सा."

"आन् गुरू ग्रहावर, सर?" एका पोरानं विचारलं.

गुरूवरची अडीचपट ओढ दाखवायला सरांनी दोन्ही हातांनी पिशवी खाली ओढली. सुई पंचविसावर गेली, तिथं माझी तबकडी संपते. पोरं ओरडली, "अजून वढा, सर!" सरांनाही चेव आला. माझी स्प्रिंग प्रमाणाबाहेर ताणली गेली. पण मी फुगलो होतो. अंगणवाडीचा काटा आज गुरू ग्रहाचा काटा झाला होता! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. पिशवी काढल्यावर सुई परतली, ती अर्ध्या किलोवरच बसली. कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वजनं होती. पर्यवेक्षिका यायच्या होत्या, मोबाइलवर माहिती चढत नव्हती, ताईंची धांदल उडाली होती. त्या दिवशी त्यांनी रिकामी झोळी पाहिलीच नाही.

गंगूबाई दहा महिन्यांच्या नातीला, किमयाला घेऊन आल्या. सून कारखान्यात पाळीवर, त्यामुळे पोर दिवसभर आजीच्या कडेवर.

"साधना, पोर हलकी लागतीया गं. कडंवर घेतली की कळतंय."

सुई सातावर गेली.

"सात किलो, मावशी. वाढली न्हाई, पर घटलीबी न्हाई. काटा खोटं बोलतोय व्हय?"

गंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग माजीच कंबर म्हातारी झाली म्हनायची," म्हणाल्या आणि गेल्या. सातातला अर्धा किलो माझा होता. चंद्रावर माणूस हलका होतो, पण रोडावत नाही. ही पोर पृथ्वीवर रोडावत होती आणि मी तिला भारी दाखवत होतो.

तीन आठवड्यांनी किमयानं दूध सोडलं, डोळे उघडेनात. पौडच्या दवाखान्यात तिचं वजन सहा किलो भरलं. "तीन आठवड्यांपूर्वीच आणायला हवी होती," डॉक्टर म्हणाले.

साधनाताई पोरीसोबत दवाखान्यात गेल्या होत्या; तिथून थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. झोळी रिकामी, सुई अर्ध्यावर. त्यांनी मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा झोळीत ठेवला. मी दीड दाखवला. त्यांनी शाळेत सरांना निरोप धाडला.

सर आले. "माझ्या हातानं झालं हे."

"बघायचं काम माजं हुतं, सर."

मला कुणी शब्दानं बोललं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघांनी जाऊन गंगूबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माजी कंबर खरं सांगत हुती. मीच तिचं ऐकलं न्हाई."

अठरा दिवसांनी किमया घरी आली. अंगणवाडीत आता नवा काटा आहे. तरी ताई आधी विचारतात, "कडंवर कशी लागतीया, मावशी?" आणि मगच झोळीकडे वळतात.

मी शाळेत खिळ्यावर असतो. तो धडा आला की सर आधी माझी सुई दाखवतात आणि आपण काय केलं ते मुलांना सांगतात. सांगताना ते माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही. मी मनात म्हणतो, बाळांनो, मोठेपणी कुठल्याही ग्रहावर जा, पण काही तोलण्याआधी रिकामा काटा बघा.

चंद्रावर सगळं हलकं होतं म्हणे. मला एकदा वाटलं होतं, तिथं कुणीतरी न्यावं. पण तिथंही, झोळीत काही नसताना, माझी सुई अर्ध्या किलोवरच उभी असेल.