उजवीकडच्या भावासाठी

चर्चच्या मागच्या खोलीत पुरुषांची प्रार्थनेची संगती भरे, तेव्हा सगळे गोल बसत आणि मास्तर मध्ये उभे राहून शिकवत. नियम त्यांनीच घालून दिला होता. शेवटी प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या भावाला विचारायचं, "कशासाठी प्रार्थना करू?" तो सांगेल तेवढंच प्रभूपुढे मांडायचं, खोदून विचारायचं नाही. मध्ये उभे असलेले मास्तर मात्र कोणाच्याच उजवीकडे येत नसत.

त्या संध्याकाळी ते खुर्ची ओढून संगतीतल्या एका प्लंबरच्या उजवीकडे बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. घरी सांगायला कोणी नव्हतं. इथे तरी कोणी विचारावं, एवढीच इच्छा होती.

"काय मास्तर, आज पाय बोलायला लागले वाटतं?" प्लंबर हसला. मग गंभीर होत म्हणाला, "कशासाठी प्रार्थना करू?"

सगळे बघत होते.

"माझं काय, सगळं ठीक आहे," ते सवयीने बोलून गेले.

प्लंबर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. पण नियम त्याला पाठ होता. त्याने डोळे मिटले आणि मास्तरांच्या ठणठणीत तब्येतीबद्दल प्रभूचे मनापासून आभार मानले.

"आमेन," सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाले.