मूळ की दांडी?

निवृत्त झालेल्या ड्रायव्हरकाकांना सुनेने ऑर्किड आणून दिलं. काकांनी हौसेने रोज तांब्याभर पाणी घातलं आणि महिन्याभरात मुळं कुजली.

"बाबा, लाडाने पोरं बिघडतात, हे तर झाड आहे," सून हसत म्हणाली.

दोघांनी कुजकी मुळं कापली, कुंडीत मातीऐवजी झाडाच्या सालीचे तुकडे भरले. आता पाणी आठवड्यातून एकदाच. काकांचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी धीर धरला. हळूहळू पानांखालून नवी, हिरव्या टोकांची मुळं फुटू लागली.

एके सकाळी पानाआडून हिरवं टोक डोकावलं.

"आणखी एक मूळ," काका म्हणाले.

सुनेने वाकून पाहिलं. "मूळ कसलं, फुलाची दांडी आहे!"

दोन महिन्यांनी पहिली कळी उमलली आणि काकांनी शेजाऱ्यांची दारं बडवली. समोरचे मास्तर तोंडात ब्रश घेऊनच धावले.

"काय झालं?"

"फूल झालं!" काका ओरडले.